डोळ्यांच्या उंचीवर काय ठेवायचं

आमच्या दुकानात तूरडाळ चार प्रकारची आहे. त्यांतली सर्वांत स्वस्त डाळ सर्वांत खालच्या फळीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर असते. नावाजलेल्या कंपनीची पाकीटबंद डाळ छातीच्या उंचीवर. ही मांडणी मी केली आहे. कुणी विचारलंच तर कारणही तयार असतं: स्वस्त डाळ पाच किलोंच्या पिशव्यांतून येते, जड माल खालीच ठेवावा लागतो, वरून पिशवी घसरली तर माणसाला लागेल. कारण खरं आहे. पण ते अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं मी आजवर मोठ्याने कुणाला सांगितलेलं नाही.

उरलेलं अर्धं असं. कमरेच्या वरपासून डोळ्यांपर्यंतचा पट्टा ही दुकानातली सर्वांत मोलाची जागा. माणूस रॅकसमोर उभा राहिला की नजर आधी तिथे जाते, पाठोपाठ हात जातो, आणि घाई असेल तर शोध तिथेच संपतो. म्हणून ज्या मालात चार पैसे जास्त सुटतात तो त्या पट्ट्यात, आणि ज्यात फारसं सुटत नाही तो पायाशी. स्वस्त डाळीत किलोमागे मला जवळजवळ काही मिळत नाही. ती नेणारी माणसं मात्र ठरलेली आहेत. महिन्याच्या बाजारात पन्नास रुपये वाचले तर ते ज्यांना जाणवतात, ती. त्यांत साठी ओलांडलेल्या बायका पुष्कळ. एका हाताने फळी धरायची, गुडघा सांभाळत वाकायचं, दुसऱ्या हाताने पिशवी पुढे ओढायची. गल्ल्यावरून मला हे दिसतं. मी कामाच्या मुलाला हाक मारते, "मावशींना पिशवी काढून दे रे." मावशी मला आशीर्वाद देतात. आणि मला कळत असतं की मुलाला पाठवणं ही माझी चांगुलपणाची गोष्ट झाली, पण त्यांना वाकायला लावणारी फळीही माझीच.

सांगलीत आमचं दुकान अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलं. त्यांच्या वेळी पुढे लाकडी काउंटर, मागे भिंतीला फळ्या आणि डबे, खाली गोण्या. गिऱ्हाइकाने यादी द्यायची, अण्णांनी एकेक जिन्नस तोलायचा. दुकान माझ्याकडे आल्यावर मी काउंटर काढलं, रॅक लावले, दारात टोपल्या ठेवल्या. आता लोक आत फिरतात, स्वतः घेतात, शेवटी गल्ल्यावर येतात. ही रीत आपल्याकडे नवी वाटते, पण अमेरिकेत ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१६ साली टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स या माणसाने 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं. गिऱ्हाइकाने फिरत्या दांडीच्या फाटकातून आत शिरायचं, आखून दिलेल्या एकाच वाटेने सगळ्या मालासमोरून जायचं आणि दुसऱ्या टोकाला पैसे देऊन बाहेर पडायचं. पुढच्याच वर्षी त्याने या रचनेचं पेटंट मिळवलं. त्या रचनेतली मला विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे ती वाट. साखर घ्यायला आलेल्या माणसालाही सगळं दुकान बघूनच बाहेर पडावं लागत होतं. माल विकणाऱ्याचं काम मालाच्या जागेने करायचं, हे त्या वाटेने पहिल्यांदा इतकं स्पष्ट करून दाखवलं.

अण्णांचा काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. "ही डाळ आज नको, जुनी आहे, परवा नवी येतेय," असं ते सांगायचे, हे खरं. पण पडून राहिलेला माल गोड बोलून गळ्यात घालणंही त्यांना जमायचं. उधारीच्या वहीतलं नाव चारचौघांत वाचलं जायचं, आणि त्या माणसाचा चेहरा कसा व्हायचा हे मी लहानपणी पाहिलं आहे. सॅनिटरी पॅड हवे असले तर मुलीने गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबायचं, मग खालच्या आवाजात मागायचं, आणि अण्णा ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून द्यायचे. रॅक लावल्यावर पहिला मोठा फरक मला तिथेच दिसला. मुली येतात, पाकीट उचलतात, मागचं वाचतात, दुसरं बघतात, टोपलीत टाकतात. सुरुवातीला मी पॅड अगदी आतल्या कोपऱ्यात ठेवले होते, लाज वाटू नये म्हणून. नंतर वाटलं, कोपऱ्यात ठेवणं हीच लाजेची शिकवण झाली. आता ते साबण आणि टूथपेस्टच्या शेजारी, उजेडात, हाताच्या उंचीवर आहेत. त्या जागेबद्दल माझं मन पूर्ण स्वच्छ आहे.

रॅकने माणसाला दिलेलं दुसरं स्वातंत्र्य म्हणजे वस्तू परत ठेवण्याचं. भाव बघून पाकीट हळूच फळीवर ठेवता येतं, कुणाला काही सांगावं लागत नाही. काउंटरच्या दुकानात हे शक्य नव्हतं.

पण एक गोष्ट हरवली. अण्णा जे करायचे, भलं किंवा बुरं, ते समोर उभं राहून, तोंडाने बोलून करायचे. गिऱ्हाइकाला त्यांच्याशी वाद घालता यायचा. "अण्णा, मागच्या वेळी असंच म्हणालात आणि डाळ शिजलीच नाही," असं बायका तोंडावर सुनवायच्या. रॅकशी कोण भांडणार? रॅकमागे कुणीतरी विचार करून बसलं आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. लोकांना वाटतं, वस्तू तिथे आहे म्हणून आहे.

ती तिथे का आहे, याचा अभ्यास मात्र जगभर फार बारकाईने झाला आहे. शिकागोतल्या एका दुकानसाखळीत झेवियर ड्रेझ, स्टीफन होक आणि मेरी पर्क यांनी केलेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. फळीवर एखाद्या वस्तूची किती पाकिटं ओळीने मांडली आहेत, यापेक्षा ती कोणत्या उंचीवर आणि कोणत्या जागी आहे याचा विक्रीवर कितीतरी जास्त परिणाम होतो, असं त्यांना आढळलं. त्याआधी, १९८२ साली, रोनाल्ड मिलिमन यांनी दुकानातल्या संगीतावर प्रयोग केला होता. वेगवान संगीताच्या तुलनेत संथ संगीत लावलं तेव्हा लोक सावकाश चालले आणि विक्री सुमारे ३८ टक्क्यांनी जास्त झाली. या गोष्टी मी हौसेने वाचल्या, आणि वाचताना मनात एकच विचार होता, आपल्या दुकानात हे कसं बसवता येईल. माणूस थकलेला, घाईत, डोक्यात दहा गोष्टी घेऊन आलेला असतो आणि त्या अवस्थेत तो निवड करत नाही, समोर येईल ते घेतो, हे त्या सगळ्या अभ्यासाचं मूळ. मला ते कळलं आहे. कळल्यानंतर त्याच्या थकव्याची काही जबाबदारी माझ्याकडे येते की नाही?

कंपन्यांना तर हे माझ्या कितीतरी आधी कळलेलं आहे. महिन्याच्या सुरुवातीला वितरकाचा सेल्समन येतो. "ताई, हा कप्पा आम्हाला द्या, तीन महिन्यांची स्कीम आहे." कप्पा द्यायचा म्हणजे डोळ्यांच्या उंचीची फळी त्या एका कंपनीच्या मालाने भरायची, मध्ये दुसरं काही ठेवायचं नाही. तो मोबाइलवर फोटो काढून वर पाठवतो, आणि फोटो बरोबर असला तर मला पैसे किंवा तेवढ्याचा माल मिळतो. रॅकच्या टोकाला, जिथे वळताना प्रत्येकाची नजर जाते, त्या जागेचा भाव वेगळा. गल्ल्याजवळच्या स्टँडचा आणखी वेगळा. यात बेकायदेशीर काही नाही, आणि सेल्समन बिचारा टार्गेटच्या ओझ्याखाली दबलेला असतो. पण गिऱ्हाइकाला काय वाटतं? दुकानदाराने ही वस्तू समोर ठेवली म्हणजे ती चांगली असेल, खपत असेल. ती जागा विकली गेली आहे हे त्याला कुठेच लिहिलेलं दिसत नाही.

मिरजेकडच्या एका बचत गटाच्या बायका आमच्याकडे पापड, सांडगे आणि हळद देतात. हळद तर इथलीच, सांगलीच्या पेठेतली, रंगाला आणि वासाला उत्तम. त्यांच्याकडे फळीसाठी द्यायला पैसे नाहीत, फोटो काढणारा माणूस नाही. त्यामुळे त्यांची पाकिटं बरेच दिवस वरच्या फळीवर होती, जिथे साडीचा पदर सावरत टाचा उंचावल्याशिवाय हात पोचत नाही. त्या येऊन विचारायच्या, "ताई, खपत नाही का हो आमचा माल?" मी म्हणायचे, "हळूहळू ओळख होईल." माल लोकांच्या नजरेलाच पडत नव्हता, आणि हे मला माहीत होतं. त्या मात्र घरी जाऊन हळदीत काय कमी पडलं याचा विचार करत असणार. ही एक गोष्ट मला सर्वांत जास्त बोचली. नफ्यासाठी जागा विकणं एक, पण एखाद्याचा माल हरला तो जागेमुळे, आणि त्याला वाटावं आपल्या गुणामुळे, हे फार वाईट.

तेव्हापासून मी मनाशी एक प्रश्न धरला आहे. फळी जे न बोलता सांगते, ते मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून तोंडाने सांगेन का? पॅडच्या बाबतीत सांगेन: "हे घे, सगळे प्रकार इथे आहेत, नीट बघून घे." आषाढी एकादशीच्या आधी साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे आणि उपवासाचं पीठ एकत्र मांडते, त्याबद्दलही सांगेन. दिवाळीच्या आधी रवा, बेसन, मैदा, पोहे, डालडा, तूप, वेलची एका रॅकवर येतात आणि बायका म्हणतात, बरं झालं, काही विसरायला झालं नाही. वस्तू शेजारी ठेवणं ही मुळात सेवा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचा भाग उंचावर असल्याने दुकान वाचलं. आयर्विन पुलाजवळचं पाणी उतरू लागल्यावर लोक चिखलाने भरलेल्या पायांनी यायचे, काय हवं हेही नीट सुचत नसायचं. मी दारातच टेबल लावून मेणबत्त्या, काडेपेट्या, फिनेल, ब्लीचिंग पावडर, झाडू, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं आणि दुधाची पावडर ठेवली. थकलेल्या माणसाची नजर कुठे जाते हे ज्ञान तेच होतं, जे मी एरवी फरसाण खपवायला वापरते. तेव्हा ते त्याच्या बाजूने वापरलं एवढंच.

स्वस्त डाळीच्या बाबतीत मात्र मी तोंडाने काय सांगेन? "मावशी, तुमच्या परवडणाऱ्या डाळीत मला फारसं मिळत नाही, म्हणून तुम्ही वाका"? हे मी मेले तरी बोलणार नाही. मग फळीने तरी का बोलावं? म्हणून उपाय काढला. पाच किलोंच्या पिशव्या खालीच आहेत, कारण पडण्याची भीती खरी आहे. पण त्याच डाळीची एक किलोची पाकिटं आम्ही दुकानातच भरतो आणि ती आता मधल्या फळीवर, कंपनीच्या डाळीच्या शेजारी ठेवतो. फळीच्या पट्टीवर प्रत्येक डाळीचा किलोचा भाव मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. पाकिटावर दर ग्रॅम किंवा दर किलोचा भाव छापणं आता कायद्याने बंधनकारक आहे, पण तो इतका बारीक असतो की चष्मा विसरलेल्या माणसाला वाचता येत नाही. मोठ्या अक्षरांत शेजारी-शेजारी भाव दिसले की महाग पाकीट परत ठेवणारे हात वाढतात. ते बघताना पोटात थोडं तुटतं. तरी ते बरोबर आहे.

सर्वांत अवघड प्रश्न गल्ल्याजवळचा. गल्ल्यापाशी माणूस थांबतो, त्याला दुसरं काही करायचं नसतं, आणि आईबरोबर आलेल्या मुलाची नजर नेमकी त्या स्टँडच्या मधल्या खणावर पडते. चॉकलेट, जेली, रंगीत गोळ्या, खेळणं लपवलेली प्लॅस्टिकची अंडी. ती जागा मुलाच्या उंचीची आहे हा योगायोग नाही, स्टँड कंपनीकडून तयार येतो आणि त्याचे खण कुठे असावेत हे आधी ठरलेलं असतं. मूल हट्ट करतं, रांगेत मागे माणसं उभी असतात, आई ओशाळते आणि शेवटी म्हणते, "घे एक." ते दहा रुपये मी तिच्या मर्जीने घेते, असं मला म्हणवत नाही. ते तिच्या ओशाळण्यातून आलेले असतात.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून ठरावीक आकारापेक्षा मोठ्या दुकानांना साखर, मीठ आणि चरबी जास्त असलेले बरेचसे पदार्थ प्रवेशद्वारापाशी, रॅकच्या टोकांना आणि गल्ल्याजवळ ठेवायला बंदी आहे. अमेरिकेतल्या बर्कली शहराने त्याच्याही आधी, २०२१ च्या मार्चपासून, मोठ्या किराणा दुकानांच्या गल्ल्यापाशी असे पदार्थ ठेवायला मनाई केली. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. आमच्या जवळची शाळा त्याहून लांब आहे. कायदा मला लागू नाही. पण शाळा सुटल्यावर तीच मुलं पाच मिनिटं चालून माझ्या गल्ल्यासमोर येतात. ऑनलाइन विक्रीबाबत केंद्र सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. गिऱ्हाइकाने न निवडलेली वस्तू पैसे भरताना त्याच्या टोपलीत घालणं त्यांतलंच एक. पडद्यावरच्या मांडणीत फसवणूक असू शकते हे सरकारने मान्य केलं. लाकडाच्या आणि पत्र्याच्या फळीवरच्या मांडणीला आपल्याकडे हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही, म्हणून तो आपणच स्वतःला विचारायचा.

माझी मावशी मुंबईत राहते आणि मुंबई ग्राहक पंचायतीची जुनी सभासद आहे. १९७५ साली सुरू झालेल्या या संस्थेची रीत अशी, की आसपासच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याच्या सामानाची मागणी यादीवर नोंदवायची आणि माल एकत्र येऊन वाटला जायचा. तिथे फळी नाही, गल्ल्याजवळचा स्टँड नाही, डोळ्यांची उंची नाही. घरी बसून, डबे उघडून, काय संपलंय ते बघून यादी करायची. मावशी मला म्हणाली होती, "तुझ्या दुकानात मी आले की चार वस्तू जास्त घेऊन बाहेर पडते. त्यातली कुठली मला हवी होती हे घरी गेल्यावर कळतं." ती हे रागाने म्हणाली नव्हती. मी तिची भाची, मला ती आशीर्वादच देत होती. पण तिच्या बोलण्यात दुकानदारासाठी एक खरी कसोटी आहे: गिऱ्हाईक घरी पोचल्यावर पिशवी रिकामी करताना त्याला काय वाटतं? ते माझ्या डोळ्यांआड होतं, म्हणून मी त्याचा हिशेब ठेवत नाही. ठेवायला हवा.

यावर मला माझ्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण एकतर्फी चिंतन हेही खोटंच. दुकानात दोन बायका आणि एक मुलगा कामाला आहेत. आजूबाजूला मोठी दुकानं उघडली आहेत, मोबाइलवरून मागवलेलं सामान अर्ध्या तासात दारात येतं. कंपन्यांकडून मिळणाऱ्या जागेच्या पैशांतून माझं वीजबिल निघतं. ते पैसे सोडले तर पहिला घाव बसेल तो पगारावर. स्वस्त डाळ मी ठेवू शकते, कारण फरसाणात मला सुटतं. हे गणित मी बदलू शकत नाही, आणि ते लपवायचीही इच्छा नाही. कुठली जागा विकायची आणि कुठली नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

तर सध्या ठरलं आहे ते असं. बचत गटाची हळद आणि पापड मधल्या फळीवर आले आहेत आणि ती जागा कुणालाही द्यायची नाही. बिस्किटांच्या रॅकचा आणि टोकाच्या मांडणीचा करार चालू राहील, पण त्या रॅकवर 'ही जागा कंपनीने घेतली आहे' अशी छोटी पाटी लावणार आहे. सेल्समनला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "साहेबांना विचारतो." गल्ल्याजवळच्या स्टँडचा करार मार्चअखेर संपतो आणि तो मी पुढे करणार नाही. त्यावर त्याने सांगितलं, "ताई, तुम्ही नाही म्हणालात तर समोरचं दुकान लगेच घेईल." घेईल, हे मलाही माहीत आहे, आणि आमच्याकडे येणारी मुलं तिथेही जातात. चॉकलेटं आमच्याकडेही मिळतील, पण आतल्या रॅकवर, जिथे ती मागून किंवा शोधून घ्यावी लागतील. वीजबिलातली तूट कुठून भरायची ते अजून जमलेलं नाही. दुधा-दह्याचा फ्रीज दुकानाच्या अगदी मागे आहे. त्याचं एक कारण विजेची जोडणी तिकडे आहे हे, आणि दुसरं कारण सॉन्डर्सचंच. नुसतं दही घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला पुढच्या दारापाशी दही मिळावं म्हणून जोडणी पुढे आणायला किती खर्च येईल, हे वायरमनला विचारून ठेवलं आहे.